रिनाच्या वाट्याचं गोंदण

सोमारीने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि दोन्ही पाय त्या काळ्या, लांबट खुर्चीवर पसरले. खुर्ची गार होती. तिने टाचा एकदा उचलल्या, मग पुन्हा टेकवल्या.

"इथी काढ," ती म्हणाली.

टॅटू काढणारा राजदीप हातमोजे चढवता चढवता थांबला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत त्या पिंडऱ्यांवर बोट ठेवायला जागा नव्हती. उभ्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या, मधून ठिपक्यांच्या माळा, घोट्याशी माशाच्या काट्यासारखी नक्षी. रंग जुना होऊन हिरवट झाला होता, कातडी सुरकुतली होती, पण एकही रेघ दुसरीत मिसळलेली नव्हती.

"बाई, इथी तं पह्यलेच हाये."

"ते माहं हाये. मले पोरीचं काढाचं हाये."

राजदीपला वाटलं, नाव. त्याच्याकडे येणारे बहुतेक जण नावंच काढून घेत. घुग्घुसच्या खाणीत कामाला जाणारी पोरं आईचं नाव मनगटावर घेत, ऊर्जानगरचे कॉलेजवाले दंडावर वाघाचं तोंड मागत, आणि कुणाचं लग्न ठरलं की तो जुनं एखादं नाव फुलापानांखाली झाकायला येई.

"पोरीचं नाव काय जी?"

"रिना. पन नाव नोको काढू. असंच काढ, माह्यासारखं. तिचं राह्यलं."

"मंग तिलेच आना ना बाई. मी चांगलं काढून देतो."

सोमारीने दाराकडे पाहिलं. दारात तिचा नवरा कोलू उभा होता. पत्र्याची एक पेटी त्याच्या खांद्यावर होती. दुकानात शिरल्यापासून ती त्याने खाली ठेवलेली नव्हती. त्याने मान वळवली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे तो पाहू लागला.

"ती गेली," सोमारी म्हणाली. "थंडीत. इथीच, दवाखान्यात."

राजदीपने घातलेला एक हातमोजा हळूच काढला.

ती दोघं सकाळी रिनाचं सामान न्यायला आली होती. रिना चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती आणि करिश्मा नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली करून राहत होती. करिश्माने तिचे कपडे, पुस्तकं, कंगवा, पांढरा गणवेश, सगळं त्या पेटीत भरून जपून ठेवलं होतं. तिने दोघांना चहा दिला. कोलूने कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. मग बसस्थानकाकडे परतताना या गल्लीत सोमारीला काचेवर रंगवलेला एक हात दिसला. हातावर ठिपके होते. काचेवर कोळशाची धूळ बसलेली होती, तरी ठिपके दिसत होते. ती तिथेच थांबली. कोलू पुढे गेला, वळून पाहिलं, परत आला. तोवर ती आत गेली होती.

"सिकल होतं का, रक्ताचं?" राजदीपने विचारलं.

"हो."

"माह्या मामाच्या पोरीलेबी हाये." तो स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. "थंडीत लय तरास होते त्याईले."

त्रास कसा होतो, हे सोमारीला कुणी सांगायला नको होतं. रिना चार-पाच वर्षांची असल्यापासून पायांचीच तक्रार करी. गुडघे, घोटे, नडग्या. हाडातून दुखायचं. सोमारी चुलीशी हात शेकायची आणि ते गरम हात तिच्या पिंडऱ्यांवर ठेवायची. हात गार झाले की पुन्हा शेकायची. पुढे दवाखान्यातून गोळ्या मिळू लागल्या, मग दर थोड्या दिवसांनी रक्त चढवायला तालुक्याला जावं लागू लागलं.

सोमारी आसपासच्या गावांची गोंदणारी होती. मोहाच्या तेलाच्या दिव्यावर काजळी धरायची, दोऱ्याने बांधलेल्या सुया त्यात बुडवायच्या आणि पोरीचा पाय मांडीवर घेऊन गाणं म्हणत टोचत राहायचं. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. त्यांच्या गावात सांगत, माणूस जाताना काही नेत नाही. चांदी मागे राहते, लुगडं मातीत जातं. बाईबरोबर जातं ते तिचं गोंदण. आधी गेलेल्या म्हाताऱ्या पलीकडे वाटेवर बसलेल्या असतात. येणाऱ्या पोरीच्या पिंडऱ्या पाहून त्या ओळखतात, ही कुणाची, कुठल्या घरची. मग उठून तिला आपल्यात जागा देतात.

गावातल्या सगळ्या पोरींच्या पिंडऱ्या सोमारीने गोंदल्या. आपल्या पोरीच्या गोंदल्या नाहीत. दर वर्षी सुया बांधल्या, आणि दर वर्षी रिनाचा पाय मांडीवर घेतला की तिला वाटायचं, ज्या पायांत आधीच आतून टोचतंय तिथे आपण वरून आणखी कशाला टोचायचं. जरा बरी झाली की करू. मग रिना आश्रमशाळेत गेली, तिथून चंद्रपूरला. सुट्टीत आली की हसून म्हणायची, आता राहू दे अव्वा, मीच सुया टोचायला शिकते आहे.

थंडीत तिला गाडीने गावी आणलं तेव्हा दिवस कलत आला होता. बायका आंघोळ घालत होत्या. सोमारी घरात गेली आणि तिने काजळी केली. गेलेल्या कातडीत रंग धरत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने सुया घेतल्याच नाहीत. बोट काजळीत बुडवून पोरीच्या दोन्ही पिंडऱ्यांवर सगळ्या रेघा वरच्यावर ओढल्या, ठिपके दिले, घोट्याशी माशाचा काटा रेखला. कुणी तिला अडवलं नाही. मग मातीत ठेवताना कोलूच्या बाहीला थोडी काजळी लागली. तिने ते पाहिलं. बाहीला लागते म्हणजे मातीलाही लागणार, पुसून जाणार.

तेव्हापासून तिचे हात कापत. सुई धरली की टोक जागेवर राहत नसे.

यातलं तिने राजदीपला थोडंच सांगितलं. मराठी तिला बाजारापुरती येत होती. मधेच शब्द अडला की ती हाताने दाखवी. पण पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्यांचं तिने नीट सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "तिचं मी माह्या पायावर नेतो. गेल्यावर तिले देतो."

राजदीपने कूलर बंद केला. त्याच्या आवाजात तिचे शब्द हरवत होते. उठून तो उगाच बाटल्या हलवू लागला. सोमारी भिंतीकडे पाहत होती. भिंतीवर त्याने चित्रं लावलेली होती. काम शिकायला तो नागपूरला होता तेव्हा जमवलेली, मोबाइलवरून छापून घेतलेली. त्यांतल्या एकात फक्त दोन पाय होते. तपकिरी, वाळलेले, लाकडासारखे. त्यांवर बारीक काळ्या रेघा होत्या.

"हे कोनाचे पाय?"

"तो लय जुना मानूस हाये बाई. पाच हजार वर्सांच्याबी आधीचा. दूर परदेशात, पहाडावर बर्फात गडून होता. फिराले गेलेल्या लोकाईले सापडला. बर्फानं सडला नाई, तसाच्या तसा राह्यला."

"याले गोंदलं हाये."

"हो. काजळीनंच. गुडघ्यावर, घोट्यावर, कमरेवर. शिकलेले लोक म्हन्तेत, त्याचे सांधे दुखत असन, म्हनून जिथी दुखे तिथी रेघा मारल्या असन."

सोमारी पुढे वाकली. तिने चित्राला हात लावला नाही. पण तिचं बोट हवेतल्या हवेत रेघांवरून गेलं.

"कोनं गोंदलं?"

"ते कोनाले मालूम नाई."

"मायनं असन."

राजदीपने बाजूचं चित्र दाखवलं. "अन् ही बाई. हीबी बर्फातलीच, दुसऱ्या मुलुखातली. अडीच हजार वर्स झाले. हिच्या हातावर हरनासारखं जनावर हाये, पाहा. अन् हे इजिप्त. तिथल्या बायका पोटावर ठिपके काढत. समुद्राच्या बेटावरचे लोक तं तोंडभर काढत. साऱ्या दुनियेत होतं बाई हे. कोनी कोनाले शिकवलं नाई, तरी सारे करत."

एरवी हे सांगताना त्याचा आवाज चढायचा. गिऱ्हाइकांना तो हौसेने सांगत असे. आज तो हळू बोलत होता. सोमारी ऐकत होती, पण तिची नजर त्या पहिल्या चित्रावरून हलली नव्हती.

"आता कुठी हाये तो?"

"काचेच्या खोलीत ठेवला हाये. थंड करून. लोक पाहाले येतेत."

"त्याचे लोक?"

"त्याचे लोक कुठी राह्यले बाई आता? दुसरेच येतेत."

सोमारी चित्रापासून मागे सरली.

"म्हंजे तो पोचला नाई," ती म्हणाली.

राजदीपने नवी सुई काढून ट्रेमध्ये ठेवली, तिच्याभोवतीचा कागद फाडला नाही. मग तो तिच्या पायांशी बसला आणि दिवा खाली ओढून दोन्ही पिंडऱ्या नीट पाहू लागला.

"हातावर काढू का? नाई तं पाठीवर. पाठ मोकळी असन."

"नाई. पायाचं पायावरच पाह्यजे. म्हाताऱ्या पायच पाह्यतेत."

"मांडीवर?"

"नाई जी. इथीच."

"पन कुठी काढू?" त्याने रेघांमधल्या जागेवर बोट ठेवलं. जागा बोटाहून अरुंद होती. "या दोन रेघांमंधात काढलं तं आज वेगळं दिसन. पन रंग पसरते बाई. तुमची कातडी पातळ झाली हाये. वर्सभरात सारं एक होऊन जाईन, काळा डाग. तुमचंबी समजनार नाई, तिचंबी समजनार नाई. दोन्ही बिघडन."

"माहं बिघडलं तं चालते."

"बाई…"

"तिचं दिसलं पाह्यजे. माह्यावर तिचं जाड काढ. वरून. माहं पुसून गेलं तं जाऊ दे."

"मंग तुमाले कोन ओळखन?"

तो बोलून गेला आणि त्याला स्वतःचंच वाईट वाटलं. त्याच्या घरी हे असलं काही मानत नसत. वडील घुग्घुसला खाणीत होते. ते म्हणत, मेल्यावर माती, आधी काय ते नीट जगा. भिंतीवर, त्या सगळ्या चित्रांच्या वर, बाबासाहेबांची तसबीर होती. तरीही आत्ता हा प्रश्न त्याने अगदी मनापासून विचारला होता.

सोमारीने लुगड्याचा पदर हातात घेतला आणि त्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"मी मोठी हाये," ती म्हणाली. "मी कुठीबी बसन. ती लहान हाये."

दारात काहीतरी वाजलं. कोलूने पेटी खाली ठेवली होती.

तो आत आला. छताचा पंखा डोक्याला लागेल असं वाटून त्याने मान वाकवली. पंखा बराच उंच होता. सोमारीशी तो त्यांच्या माडिया बोलीत बोलला, आणि राजदीपला त्यातलं अवाक्षर कळलं नाही.

"ऊठ," कोलू म्हणाला. "मला बसू दे."

"का?"

"माझे पाय कोरे आहेत."

सोमारीने त्याच्याकडे पाहिलं. रिनाला माती दिल्यापासून तो कामाचं सोडून तिच्याशी काही बोलला नव्हता. चूल पेटव, मोहफुलं वाळत घाल, बैल सुटलाय. तेवढंच.

"हे बायकांचं गोंदण आहे," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"गडी माणसाच्या पायावर कधी कुणी काढलं आहे? लोक काय म्हणतील?"

"फुलपँटीच्या आत कोण बघतंय." चंद्रपूरला यायचं म्हणून त्याने इसरूची, धाकट्या भावाची, फुलपँट घातली होती. ती त्याला लांब होत होती, खाली दुमडलेली होती. "मी तुझ्याहून मोठा आहे. मी आधी जाईन. तुझ्या पायावरचं तिला मिळायला उशीर होईल. तोवर ती काय उभीच राहील?"

सोमारी त्याच्या दुमडलेल्या पँटीकडे पाहत राहिली.

"मी पाय पुढे करीन," कोलू म्हणाला. "म्हाताऱ्यांना सांगेन, हे हिचं आहे, माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. तुझी आई असेलच तिथे. तुझ्या हातची नक्षी ती ओळखेल."

सोमारी खुर्चीवरून उतरली. लुगडं खाली सोडून ती बाजूला उभी राहिली. कोलू खुर्चीवर चढून बसला आणि वाकून पँटीच्या दुमडी उलगडू लागला. त्याची बोटं कापडाशी झटत होती. राजदीपने पुढे होऊन त्याला मदत केली.

"बाबा, तुमी?"

"हो. मी," कोलू मराठीत म्हणाला. "दोन्ही पाय."

राजदीपने एकदा सोमारीकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

त्याने कोलूच्या उजव्या पिंडरीवरचे केस साबण लावून काढले. कोलूला गुदगुल्या झाल्या. त्याने पाय ओढून घेतला, आणि तिघंही क्षणभर हसले. मग हसू आपोआप विरलं. राजदीपने स्पिरिटने पाय पुसला आणि निळ्या शाईचा पेन सोमारीच्या हातात दिला.

"पह्यले तुमी काढा. मी तुमच्यावरूनच टोचतो."

"माहा हात हालते."

"हालू द्या."

ती कोलूच्या पायाशी बसली. डाव्या हाताने घोटा धरला, उजव्याने पेन. पहिली रेघ वाकडी गेली. तिने राजदीपकडे पाहिलं. त्याने ती पुसली नाही. दुसरी रेघ तिने पहिलीच्या वाकड्यालाच धरून ओढली, तिसरी दुसरीला धरून. हळूहळू हात जागेवर आला. ठिपके द्यायची वेळ आली तेव्हा तिने राजदीपला बाजूला सरकायला सांगितलं, उजेड अडत होता. घोट्याशी माशाचा काटा काढताना ती थोडी थांबली. मग काट्याच्या टोकाशी तिने एक लहानशी फांदी जास्तीची जोडली. तिच्या स्वतःच्या पायावर ती नव्हती.

"हे काय?" कोलूने विचारलं.

"तिचं," ती म्हणाली. "प्रत्येकीला एक तिचं असतं."

यंत्र सुरू झालं. कोलूने आधी डोळे मिटले, मग उघडले. राजदीप खाली मान घालून रेघांमागून रेघा नेत होता. वाकड्या होत्या तिथे वाकड्या, जाड होत्या तिथे जाड. सोमारी दोन्ही हातांनी कातडी ताणून धरत होती. पोरी मांडीवर असत तेव्हा गावातली एखादी बाई तिच्यासाठी हेच करायची. तिच्या तोंडून नकळत ते गाणं निघालं. त्या गाण्यात पोरीला सांगायचं असतं, आता नदी आली, आता नदी संपली, आता घर दिसायला लागलं. नडगीच्या हाडावर सुई आली तेव्हा कोलूने खुर्चीची कड धरली. सोमारी "आता नदी आली"पाशी होती. ती तिथेच थांबली, आणि मग तीच ओळ तिने परत परत म्हटली. हाड संपेपर्यंत.

दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. एक पोरगी मोबाइलमध्ये डिझाइन दाखवायला आली, आतलं पाहिलं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली. थोड्या वेळाने ती उठून निघूनही गेली.

"हा झाला," राजदीप म्हणाला. पाय पुसून, वर पातळसा मलम लावून तो मागे सरला.

पिंडरी लालसर सुजली होती. तिच्यावर नवं, काळंभोर गोंदण उमटलं होतं. इतकं काळं गोंदण सोमारीने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. आपल्या पायावरचं कधी असं होतं, हे ती विसरून गेली होती. तिने हात पुढे केला. राजदीप म्हणाला, हात नका लावू जी, आज कच्चं हाये. तिने हात लावला नाही. पिंडरीच्या थोडा वर, हवेत, तळवा धरून ठेवला. चुलीशी शेकून आणलेला हात टेकवायच्या आधी धरतात, तसा. पायाचा गरमपणा तिच्या तळव्याला लागत होता.

बराच वेळ ती तशीच राहिली. कोलूने तिला राहू दिलं.

राजदीपने सुई बदलली. शाईची इवलीशी वाटी पुन्हा भरली, खुर्ची फिरवून डावा पाय उजेडात घेतला आणि साबण लावायला ब्रश उचलला. कोलूने स्वतःच डावी पँट वर ओढली होती. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. आज किती महिन्यांनी तो मोकळा दिसत होता. गाठोडं बांधून झालं आहे, आता फक्त निघायचं उरलं आहे, अशा माणसासारखा.

सोमारीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्या डाव्या पायाकडे. पाय बारीक झाला होता, नडगीचं हाड वर आलं होतं, शिरा दिसत होत्या. टाचेला भेगा होत्या. सकाळी याच पायांनी तो पेटी घेऊन तिच्या पुढे पुढे चालत होता.

तिने राजदीपच्या हातातला ब्रश धरला.

"आज एकच," ती म्हणाली.

"काऊन जी? थकले का बाबा? वेळ हाये मले. होऊन जाईन."

"नाई. एकच."

तिने डावी पँट खाली ओढली. गुडघ्यावरून, नडगीवरून, पार टाचेपर्यंत.

"हे काय करते आहेस?" कोलूने माडियात विचारलं. "अर्धं गोंदण घेऊन मी तिच्यासमोर कसा जाऊ?"

"जाऊ नको," सोमारी म्हणाली.

ती मान वर न करता त्याच्या पँटीचं टोक घोट्याशी दुमडत होती. एक घडी, तिच्यावर दुसरी. घडी नीट बसली तरी तिचे हात तिथून निघाले नाहीत.

कोलू खुर्चीच्या पाठीला टेकला.

राजदीप एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता. ब्रशवरचा फेस त्याच्या मनगटावरून ओघळत होता.

"काय म्हन्ते बाई?" त्याने विचारलं.

कोलूने घोट्याशी थांबलेल्या तिच्या हातांकडे पाहिलं.

"दुसरा पाय मंग," तो म्हणाला. "पुढच्या वर्सी, मोह फुलन तवा येऊ म्हन्ते."